हनुवटीवरचे केस

आई, तुझी नात गेला आठवडाभर तोंडाला स्कार्फ बांधून जेवतेय. सोलापुरात पोरी गाडीवर स्कार्फ बांधतात, ऊन आणि धूळ दोन्ही तेवढी आहेत, त्यात काही नवल नाही. पण ही घरात, पंख्याखाली, आमटी-भात खाताना बांधते. घास आत न्यायचा तेवढ्यापुरता कपडा उचलते आणि पुन्हा खाली सोडते. तिच्या बापाला वाटतंय काहीतरी नवी फॅशन आली असेल. मला पहिल्या दिवशीच कळलं, कारण बाथरूममधून तो वास आला होता, अंडं कुजल्यासारखा. तो वास माझ्या नाकात पहिल्यांदा कुणी घातला हे तुला सांगायला नको.

पोरगी अठरा वर्षांची आहे, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. हनुवटीवर आणि हनुवटीखाली केस येतात, मोजकेच, पण काळे आणि जाड. मागच्या बाकावरच्या कुणा दीडशहाण्यानं तिला वर्गात ‘काय भावा’ म्हणून हाक मारली आणि बाकीची मेंढरं हसली. मग हिनं केस काढायचं क्रीम आणलं, डबीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवलं, कारण आपले केस जाड आहेत असं तिला वाटलं. हनुवटी भाजली. आता म्हणते कॉलेज सोडते, बाहेरून परीक्षा देते. चार केसांसाठी शिक्षण सोडायला निघालीय, आणि तुझा जावई त्याच घरात साठीकडं झुकल्यावर दाढी वाढवून बसलाय, रोज तिला तेल लावतो, छोट्या कंगव्यानं विंचरतो आणि येणाजाणाऱ्यांकडून शाबासकी घेतो. मी त्याच्याकडे बघते आणि गप्प बसते, नाहीतर तोंडातून काय जाईल याचा भरवसा नाही.

डॉक्टरांनी दिलेलं मलम लावून लावून काल सालपटं निघून गेली. खाली नवी गुलाबी कातडी आलीय आणि त्या कातडीवर केस पुन्हा हजर आहेत. त्यांना काही लाज नाही. आता तिला एकच गोष्ट हवीय: नाजूक कातडीवरून ब्लेड कसं फिरवायचं, आग न होता, पुरळ न उठता, हे कुणीतरी शेजारी उभं राहून दाखवायला हवं. ते मला येतं. एक दिवसाआड सकाळी मी दाराला कडी घालून, बादलीत नळ सोडून तेच करते. पोरीला माहीत नाही, नवऱ्याला माहीत नाही. आज रविवार आहे, उद्या तिचं प्रॅक्टिकल आहे, आणि ती जाणार नाही म्हणतेय. मी आज कडी काढायची की नाही, एवढाच प्रश्न आहे. तो सोडवायचा सोडून मी तुला शिव्या द्यायला बसलेय. जुनी सवय.

तू मला काय शिकवलंस ते आठवून बघ. तेराव्या-चौदाव्या वर्षी मी आरशात बघून रडायला लागले तेव्हा तू पहिलं वाक्य काय बोललीस? “ब्लेड लावायचं न्हाय बरं का. ब्लेड लावलंस की बापावानी दाढी येतीया. मग कोण करंल तुला?” असं बोलून तू मोरीवरची वज्री उचललीस. टाचा घासायची वज्री, आई. जिच्यानं तू कुंभारीच्या आपल्या रानातून आल्यावर पायाच्या भेगा घासायचीस, ती तू माझ्या तोंडाला लावलीस. वर डाळीचं पीठ आणि हळद. अंगठ्यानं गोल गोल, लाल होईपर्यंत. लाल झालं की म्हणायचीस, रगत खेळाय लागलं, आता बरं हुतंय. काही बरं होत नव्हतं. केस तुटायचे, आत वळायचे, कातडीखाली फोड व्हायचे, आणि त्या फोडांवर तू पुन्हा वज्री फिरवायचीस.

रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये सगळ्या बायकांत तुझी कातडी सगळ्यात छान म्हणून नाव होतं. हळदीकुंकवाला शेजारीण माझ्यासमोर तुला विचारायची, काय लावता हो वहिनी, आणि तू पदर सारखा करत म्हणायचीस, काय न्हाय बाई, देवाची देणगी. आणि मी त्या देणगीकडं बघत माझी सोललेली हनुवटी ओढणीत लपवून उभी असायचे. पहाटे सगळ्यांच्या आधी तुझी अंघोळ असायची. न्हाणीची कडी लावून तू आत इतका वेळ काय करतेस हा प्रश्न मला कधी पडला नाही. अप्पा दर दोन दिवसांनी कुरकुरायचे, “ह्ये ब्लेड नवं घातलेलं, एवढ्यात बोथट कसं झालं?” आणि तू चहा गाळता गाळता सांगायचीस, “तुमची दाढीच राठ हाय की.” किती सहज बोलायचीस. चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही.

मला बघायला कुर्डुवाडीहून माणसं येणार होती तो दिवस तुला आठवायला हवा. मुलगा तिथल्या रेल्वेच्या कारखान्यात होता, अप्पांच्या ओळखीतला. आदल्या दिवशी तू कटलरीच्या दुकानातून एक पावडर आणलीस. डबीवर बाईच्या काखेचं चित्र होतं. तोंडाला लावू नये हे समजायला वाचता यायलाच हवं असं नाही, चित्र पुरेसं होतं. तू ती बशीत कालवलीस, मला पाटावर बसवलंस आणि चमच्याच्या दांड्यानं हनुवटीवर थापलीस. वास सुटला तशी मांजर घरातून निघून गेली. मी म्हटलं, आई, जळतंय. तू म्हणालीस, “सोस की जरा. बाईच्या जातीला सोसाय नगं व्हय?” मी म्हटलं, लई जळतंय. तू घड्याळाकडं बघितलंस आणि म्हणालीस तुझं जरा राठ हायत, अजून थोडं ऱ्हाऊ दे. मग पुसून काढलंस आणि वर लिंबू पिळून हळद लावलीस, थंडावा मिळावा म्हणून. भाजलेल्यावर लिंबू. एवढी अक्कल कुणाकडून घेतली होतीस कोण जाणे.

सकाळी हनुवटी सुजली होती आणि पाण्याचे फोड भरले होते. तरी तू मला साडी नेसवलीस, फोडांवर पावडर मारलीस आणि पोह्यांचा ट्रे हातात दिलास. मी खाली मान घालून बसले, सगळ्या पोरी बसतात तशी, त्यामुळे पहिली पाच-दहा मिनिटं निभावली. मग मुलाच्या आत्यानं माझी हनुवटी धरून तोंड वर केलं, आणि तिच्या बोटाला पावडर आणि पाणी दोन्ही लागलं. ती म्हणाली, “अगं बाई, हे काय उठलंय हिला?” अप्पांनी तुझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता तू सांगशील, पावडर लावली होती, भाजलं, पोरीची जात आहे, समजून घ्या. तू दोन्ही हात जोडलेस, डोळे मिटलेस आणि म्हणालीस, “देवी आल्यात.”

काय सांगू तुला, त्या क्षणी मला हसायला आलं होतं, पण फोड ताणले गेले म्हणून जमलं नाही. आत्याचा हात असा मागं गेला की बांगड्या वाजल्या. सगळ्यांनी उठून मला हात जोडले. मुलानं तोंडात घेतलेला घास न चावता गिळला. ज्या घरात देवी आल्या त्या घरात खायचं की नाही, यावर त्यांच्यात एकमत होईना, म्हणून ते पोहे तसेच टाकून निघाले, आणि जाताना आत्या माझ्याकडं पाठ होऊ नये म्हणून उलट्या पावलांनी दारापर्यंत गेली. मला बघायला आलेल्या माणसांनी जाताना मला हात जोडावेत, असा बघण्याचा कार्यक्रम क्वार्टर्समध्ये दुसरा झाला नसेल.

पण खोटं एकदा बोललं की त्याला रोज खायला घालावं लागतं. समोरच्या दारातून सगळं ऐकू गेलं होतं. तासाभरात शेजारीण कडुलिंबाचे डहाळे घेऊन आली. तू ते दाराला बांधलेस. मला कडुलिंबाच्या पाल्यावर झोपवलंस. देवी घरात असताना फोडणी द्यायची नाही, म्हणून घरात सगळं पाणचट वरण आणि दहीभात. केस कापायचे नाहीत, नखं काढायची नाहीत, कुणी दाढी करायची नाही. बायका येऊन माझ्या पायाशी बसायच्या आणि माझ्या भाजलेल्या हनुवटीला नमस्कार करून आपल्या पोरांची दुखणी सांगायच्या. मी डोळे मिटून पडलेली असायचे. अप्पा खुंट वाढवून ड्यूटीवर जायचे, साहेबांनी विचारलं तर घरात देवी आल्यात म्हणून सांगायचे, आणि साहेबही हात जोडायचे. एका डबीभर पावडरीनं अख्खी रेल्वे नमवली होतीस तू.

आणि त्याच दिवसांत तुझी दाढ दुखायला लागली. तू ओला कपडा गालाभोवतीनं हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारलीस. बोलायला लागलीस की फक्त ओठ हलायचे. मला वाटलं, माझ्या काळजीनं आईला त्रास होतोय. मी पाल्यावरून उठून, स्वतःचं तोंड ठणकत असताना, डब्यातली लवंग आणून तुझ्या हातात दिली. तू ती घेतलीस, आई. दाढेखाली धरलीस आणि डोळे मिटून ‘बरं वाटतंय’ अशी मान पण हलवलीस. मग देवीला निरोप द्यायचा दिवस आला. मला कडुलिंबाच्या पाण्यानं अंघोळ घातली, देवळात दहीभाताचा नैवेद्य गेला, अप्पांनी अंगणात आरसा टांगून दाढी केली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तुझी दाढ एकदम बरी झाली. मला त्यात काही खटकलं नाही. आपली आई असा लबाडपणा करत असेल हे कुठल्या पोरीच्या डोक्यात येतं?

कुर्डुवाडीकडून पुन्हा निरोप आला नाही. देवी झालेल्या पोरीच्या तोंडावर वण राहतात, असं म्हणाले म्हणे. वण राहिलाच. अजून आहे, हनुवटीच्या उजव्या अंगाला, बोट फिरवलं की लागतो. पुढं माझं लग्न झालं, नोकरी लागली, जुळे सोलापुरात फ्लॅट झाला. पार्लरमध्ये जाऊन धाग्यानं ओढून घ्यायचे, मेणानं ओढून घ्यायचे, दोन दिवस लाल तोंड घेऊन ऑफिसला जायचे आणि उष्णतेचं उठलंय म्हणून सांगायचे. देवी आल्यात असं म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं. ब्लेडला मात्र मी हात लावला नाही. तू घातलेली भीती किती पक्की होती बघ. बँकेत रोज लोकांना खोटं-खरं समजावून सांगणारी बाई मी, आणि ब्लेड लावलं की दाढी येते यावर माझा चाळिशीपर्यंत विश्वास होता.

मग तुझी उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दवाखान्यातून तुला घरी आणलं. मी ऑफिसच्या आधी रोज येऊन तुझं अंग पुसायचे, खाऊ घालायचे. तू डाव्या हातानं सारखा पदर ओढून तोंडावर घ्यायचीस. मला वाटायचं लाळ गळते म्हणून लाज वाटत असेल. मी पदर बाजूला करायचे, तू पुन्हा ओढायचीस. एका सकाळी खिडकीतून ऊन आलं होतं, पदर माझ्या हातात होता, आणि त्या उन्हात मला तुझी हनुवटी दिसली. पांढरे, राठ, भरगच्च खुंट. नुसती हनुवटी नाही, ओठाच्या वरही आणि खाली गळ्यापर्यंत. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. मी बघतच राहिले. ते कापलेले खुंट होते, उपटलेल्या जागी असे येत नाहीत. इतक्या वर्षांच्या पार्लरनं मला तेवढं शिकवलं होतं.

अप्पा मागं येऊन उभे होते. हातात त्यांचं रेझर आणि वाटीत कोमट पाणी. मला म्हणाले, “तू कर. माझा हात थरथरतोय.” मी विचारलं, “अप्पा, तुम्हाला माहीत होतं?” ते म्हणाले, “लग्न झाल्यापास्नं ठाव हाय मला. तिनं कधी सांगितलं न्हाय, मी कधी इचारलं न्हाय.” “मग ब्लेड बोथट झालं म्हणून ओरडायचात ते?” “आता मला कळलंय असं तिला वाटाय नगं म्हणून वरडायचो की.” एवढं बोलून ते वाटी स्टुलावर ठेवून बाहेर गेले. दोघांनी मिळून आयुष्यभर नाटक केलं, आणि प्रेक्षकांत मी एकटी, तोंड भाजून घेऊन बसलेली.

मला तेव्हा काय वाटलं ते स्पष्टच लिहिते. मला तुझी किळस आली. केसांची नाही. तुला येत होतं, आई. पहाटे कडी लावून, कोमट पाण्यानं, साबणाचा फेस करून, हलक्या हातानं, एक ओरखडा न उठवता, सगळं तुला येत होतं. आणि तासाभरानं बाहेर येऊन तू त्याच हातानं वज्री उचलत होतीस. मी पाटावर बसून जळतंय म्हणत होते तेव्हा भिंतीपलीकडं, खिळ्याला, ते रेझर टांगलेलं होतं. तुझं बिंग फुटू नये म्हणून तू माझं तोंड जाळलंस. दुसरं काही कारण मला आजवर सापडलेलं नाही, आणि मी शोधलं नाही असं नाही. शेजारणीनं देवाची देणगी म्हणावं एवढ्यासाठी. क्वार्टर्समधल्या चार रिकामटेकड्या बायकांचं मत तुला पोटच्या पोरीपेक्षा महाग होतं.

तरी मी फेस केला. रेझर तुझ्या गालाला लावलं आणि खालून वर नेलं, कारण सिनेमात पुरुष तसंच करतात. तुझा डावा हात आला आणि त्यानं माझं मनगट पकडलं. जोर असा होता की मला आश्चर्य वाटलं. तू माझा हात खाली वळवलास. वरून खाली. मी दाबून फिरवायला लागले, तू मनगट उचललंस, हलकं. एकाच जागी दुसऱ्यांदा न्यायला लागले, तू हात झटकलास, फेस बोटानं पुन्हा लावून दाखवलास. गळ्यापाशी आल्यावर माझं बोट धरून केसांवरून फिरवलंस, ते कुठल्या बाजूला पडतात हे बोटाला कळावं म्हणून. शेवटी गार पाणी, आणि पुसायला गेले तर टॉवेल घासू दिला नाहीस, नुसता टेकवायला लावलास. तोंडातून शब्द नाही, डोळे छताला. तू शिकवलंस असं मी म्हणणार नाही. तू स्वतःची हनुवटी वाचवत होतीस, माझ्या हातात धारदार वस्तू होती आणि माझ्या तोंडावरचा राग तुला आधीच दिसला होता.

तू जाईपर्यंत रोज सकाळी ते मी केलं. गेलीस त्या दिवशीही, तुला अंघोळ घालायला बायका यायच्या आत, दार लोटून घेऊन मी तुझी हनुवटी स्वच्छ केली. तुझ्यासाठी नाही, त्या बायकांना चघळायला काही मिळू नये म्हणून. त्या आल्या आणि म्हणाल्या, बघा की हो, अजून कशी तुकतुकीत कातडी आहे. मी मान हलवली. आठवडाभरानं मी स्वतःसाठी रेझर विकत घेतलं. दाढी आली नाही. केस होते तेवढेच आहेत, होते तसेच आहेत. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला राठ लागतं, एवढीच ती गोष्ट. एवढ्या गोष्टीसाठी माझी पंचवीस वर्षं गेली.

इथवर लिहून मी उठले होते. आता संध्याकाळ झालीय आणि पुन्हा बसलेय, कारण मधे जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही, तुझी लायकी नसली तरी.

मी पोरीच्या खोलीत गेले. ती स्कार्फ बांधून मोबाईल बघत पडली होती. म्हटलं, उठ, बाथरूममध्ये चल. ती म्हणाली, “कशाला? पुन्हा मलम नको.” म्हटलं, मलम नाही. तिचा बाप हॉलमध्ये टीव्हीसमोर होता, बाथरूमचं दार हॉलमध्येच उघडतं. मी आत गेले, दिवा लावला, आणि हात सवयीनं कडीकडं गेला. तो मागं घेतला. दार उघडं टाकून मी आरशासमोर तोंड धुतलं, कपाटातल्या सॅनिटरी पॅडच्या पिशवीमागून माझं रेझर काढलं आणि हनुवटीला फेस लावला. पोरगी दारात उभी. स्कार्फच्या वर नुसते डोळे.

“आई, तुला पण?”

“मग तुला काय वरून पडले?”

स्कार्फ तिनं स्वतःच सोडला आणि जवळ येऊन माझ्या हनुवटीकडं बघायला लागली, डोळे बारीक करून, शाळेत बेडूक कापताना बघतात तशी. मी बोलत बोलत करत गेले. आधी कोमट पाणी, दोन-तीन मिनिटं, केस मऊ पडू देत. वासाचा साबण नको. ब्लेड नवं आणि स्वतःचं, माझंही वापरायचं नाही. कातडी ताणायची नाही, दाबायचं नाही, जिकडं केस पडतात तिकडंच न्यायचं. राहिला एखादा तर राहू दे, त्याच्यासाठी त्याच जागेवरून पाच वेळा जायचं नाही, पुरळ त्यानंच उठतं. दर वेळी पातं पाण्यात धुवायचं. नंतर गार पाणी, टेकवून पुसायचं, साधं क्रीम, लिंबू-हळद काही नाही. आणि आज रात्री परत त्या क्रीमची डबी उघडलीस तर डबीसकट खाली फेकीन.

“पण मग जाड येतात ना?”

“कोण म्हणतं?”

“सगळेच.”

“सगळे गाढव आहेत,” मी म्हटलं. हॉलमधून तुझ्या जावयानं टीव्हीचा आवाज कमी केला होता. मान वळवून तो बाथरूमकडं बघत होता. मी अर्ध्या फेसात त्याच्याकडं बघितलं. तो म्हणाला, “माझं ट्रिमर हवंय का कुणाला?” पोरगी खुदकन हसली. आठवड्यात पहिल्यांदा. मी म्हटलं, “तुमचं तुमच्या बागेला ठेवा.” त्यानं आवाज पुन्हा वाढवला. त्याला आधीपासून माहीत होतं की आज कळलं, ते मी विचारलं नाही. अप्पांच्या सगळ्या गोष्टी माझ्या वाट्याला यायला नकोत.

मी तिच्यासाठी आणून ठेवलेलं रेझर तिच्या हातात दिलं. तिनं फेस लावला. पातं पहिल्यांदा टेकवायच्या आधी ती आरशातून माझ्याकडं बघून म्हणाली, “तुला कुणी शिकवलं?”

‘कुणी नाही’ हे उत्तर माझ्या ओठावर होतं. गेली कित्येक वर्षं ते तयार होतं आणि ते खरंही आहे. वज्रीची, पावडरीची, लवंगेची, सगळी हकीकत सांगायची हीच वेळ होती. तू गेलीस तेव्हा ती एवढीशी होती, तिला तुझं काही आठवत नाही, मी सांगेन ती तू.

मी म्हटलं, “आजीनं.”

“आजीला पण होते?”

“माझ्यापेक्षा जास्त.”

“आणि तिनं तुला शिकवलं? त्या काळात? भारी होती की आजी.”

असं म्हणून तिनं पातं हनुवटीला लावलं आणि वरून खाली आणलं. ओरखडा नाही. उद्या प्रॅक्टिकलला जाते म्हणाली, कुणी काही बोललं तर त्याला रेझरचा ब्रँड सांगेन म्हणाली. भारी होती की आजी. बघ, काही न करता काय मिळवलंस. तुझं कुणी कौतुक केलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची, तेराव्याला तुझ्या मायेचे गोडवे गाणाऱ्या बायकांना मी चहासुद्धा नीट दिला नव्हता. आज तिडीक गेली नाही. मी तिचं म्हणणं खोडलं नाही, आणि पुढंही खोडणार नाहीये.

हे कागद मी आता फाडून टाकणार आहे, पोरीच्या हाती लागले तर तुझं पितळ उघडं पडेल. बाथरूममधून ती हाक मारतेय, गळ्याजवळचे केस कुठल्या बाजूला जातात ते तिला कळत नाहीये. डाव्या कानाकडं वळतात ते, आपल्या तिघींचेही.